बारा माणसांसाठी व्हिडिओ: ड्रग्जच्या कायद्यात बदल मागायला फोन कसा वापरायचा

पहिला व्हिडिओ केला तेव्हा त्याला ४० हजार व्ह्यूज आले आणि त्यातून काडीचंही काही झालं नाही. बासरीचं रडकं म्युझिक, रेल्वे रुळांच्या कडेने स्लो मोशनमधे चालणारा एक पोरगा (आमच्याच ग्रुपमधला, त्याने आयुष्यात साधी सिगरेट ओढलेली नाही) आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात "शिक्षा नको, उपचार द्या". कमेंटमधे अर्धे म्हणाले असल्यांना गोळ्या घाला, उरलेले म्हणाले एडिटिंग भारी, अ‍ॅप कुठलं वापरलं. आम्ही दोन दिवस खूश. मग ओळखीच्या एका वकीलताईंनी विचारलं की हे बघून नक्की कोणी काय करायचंय, आणि आमच्याकडे उत्तरच नव्हतं.

दुसरा व्हिडिओ ३ मिनिटं २० सेकंदांचा, तो एका सरकारी हॉलमधे १२ जणांनी पाहिला, आणि दोन-अडीच महिन्यांनी जिल्ह्यातल्या काही पोलिस स्टेशनांच्या भिंतीवर एक कागद लागला. एवढंच. पण तो कागद लागावा म्हणूनच तो व्हिडिओ केला होता. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या दुसऱ्या व्हिडिओच्या वेळी शिकलेलं आहे, काही ठिकाणी ठेच लागून.

तर सगळ्यात आधी कॅमेरा बाजूला ठेवा आणि कायदा वाचा. अंमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे, केंद्राचा आहे. त्यातलं कलम २७ नुसत्या सेवनासाठी आहे, म्हणजे विकणं नाही, आणणं नाही, फक्त घेणं. हेरॉइन, कोकेन, मॉर्फिन असेल तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, बाकी पदार्थांसाठी ६ महिने किंवा १० हजार किंवा दोन्ही. जवळ सापडलं तर प्रमाण बघतात, गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते "अल्प प्रमाण", २० किलोच्या वर गेलं की "व्यापारी प्रमाण", हेरॉइनला हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणं महाकठीण कारण तिथे कलम ३७ आडवं येतं.

आणि मग येतं कलम ६४अ, जे लोकांना सोडाच, बऱ्याच वकिलांनाही पटकन आठवत नाही. व्यसन असलेल्या माणसावर कलम २७ ची किंवा अल्प प्रमाणाची केस असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. म्हणजे जेलऐवजी उपचार ही वाट कायद्यातच आहे, फक्त तिची पाटी कुणी लावलेली नाही. कोर्टाला कलम ३९ खालीही शिक्षेऐवजी उपचाराला पाठवता येतं. आता ६४अ पुरेसं आहे का तर नाही, ते फक्त व्यसन जडलेल्याला लागू होतं, एकदाच झुरका मारलेल्या कॉलेजच्या पोराला नाही, आणि केस झाल्यानंतरची गोष्ट आहे ती. पण व्हिडिओतून काय मागायचं हे ठरवताना याचा फार उपयोग होतो.

कारण मागणी दोन मजल्यांची असते. वरचा मजला म्हणजे कलम २७ च बदला, सेवन हा गुन्हा राहू नये. ते संसदेत होणार, आणि हा कायदा येतो अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे, गृह किंवा आरोग्य खात्याकडे नाही, हे कळायलाच आम्हाला महिना लागला. सामाजिक न्याय मंत्रालयाने महसूल विभागाला अशी शिफारस केल्याच्या बातम्या २०२१ मधे आल्या होत्या, की स्वतःपुरत्या थोड्या प्रमाणात बाळगणं गुन्हा धरू नये. म्हणजे हा विषय दिल्लीत अगदीच अस्पृश्य नाही. तुमचा प्रेक्षक तिथे तुमचा खासदार. खालचा मजला मात्र जिल्ह्यात आहे. अंमली पदार्थांसाठी जिल्हास्तरीय समन्वय समिती असते, एनकॉर्ड म्हणतात तिला, बहुतेक ठिकाणी कलेक्टर अध्यक्ष, एसपी, सिव्हिल सर्जन, एक्साइज, एफडीए (अन्न व औषध प्रशासन), शिक्षणाधिकारी वगैरे मंडळी. आमची १२ माणसं म्हणजे हीच. त्यांच्याकडे कायदा बदलायचा अधिकार नाही, पण "कलम २७ मधे पकडलेल्या प्रत्येकाला ६४अ ची माहिती मराठीत लेखी द्या आणि मान्यताप्राप्त केंद्रांची यादी पोलिस स्टेशनात लावा" हे ते करू शकतात, त्याला संसद लागत नाही.

ही मागणी एका वाक्यात कागदावर लिहा. ते वाक्य तुमच्या आईला किंवा मावशीला वाचून दाखवा, तिला "म्हणजे नक्की काय?" असं विचारावं लागलं तर परत लिहा. आणि त्या वाक्यात जो क्रियापद करणारा माणूस आहे ना, तोच तुमचा प्रेक्षक. पब्लिक नाही. गोव्यातून काम करणारी व्हिडिओ व्हॉलंटियर्स ही संस्था २००३ पासून गावागावातल्या लोकांना कॅमेरा शिकवतेय, त्यांच्या व्हिडिओंच्या शेवटी बऱ्याचदा थेट सांगितलेलं असतं की अमुक अधिकाऱ्याला फोन करा आणि हे विचारा. मला ती पद्धत फार आवडते, फक्त ऑफिसचाच लँडलाइन द्या, कुणाचा पर्सनल मोबाइल नाही.

आता माणसं. कुणाला बोलायला घ्यायचं? आपल्याला वाटतं की ज्याने गर्द ओढली, एमडी (मेफेड्रोन) घेतलं, नशेच्या बटन गोळ्या खाल्ल्या त्यालाच समोर बसवावं, ते सगळ्यात "दमदार" दिसेल. मी स्पष्ट सांगते, आत्ता वापरत असलेल्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यावर घेऊ नका. तो जे बोलतोय ते सेवन आहे आणि सेवन गुन्हा आहे, तुमचा फोन त्या क्षणी पुरावा होतो. आणि तपास अधिकारी नोटीस काढून रेकॉर्डिंग, मेमरी कार्ड, मोबाइल सगळं मागू शकतो, सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ९४ मधे इलेक्ट्रॉनिक साधनांचा उल्लेख आहेच. तुम्ही कितीही पत्रकार असल्यासारखं वागलात तरी तुमच्याकडे कच्चं फुटेज असणं म्हणजे त्या पोराच्या डोक्यावर टांगती तलवार. ज्याची केस चालू आहे त्याला तर घेऊच नका, त्याच्या वकिलाने तयार केलेला बचाव तुम्ही एका इमोशनल वाक्यात मोडाल. ज्यांच्या केसेस निकाली निघाल्यात ते, घरचे लोक, उपचार करणारे डॉक्टर, नर्स, वकील, निवृत्त पोलिस, यांच्याकडे जा. निवृत्त हवालदार तर सोनं, तो जे सांगतो ते हॉलमधले वर्दीवाले खाली मान घालून ऐकतात.

आमच्या व्हिडिओतली मुख्य बाई एक आई होती. मासळी विकते. मुलगा सुटून, बरा होऊन आता नोकरीला आहे, केस संपलेली. तिने सांगितलं चेहरा नको, आम्ही म्हटलं बरं, मग नुसते हात घेऊ. ती कोळंबी सोलत बसली आणि बोलायला लागली, आणि मला तेव्हा कळलं की हात कामात असले की माणूस भाषण करत नाही, बोलतो. मुंडकं मोडायचं, साल ओढायचं, काळा दोरा काढायचा, वाडग्यात टाकायची, सगळं एका लयीत, आणि त्या लयीत ती सांगतेय की कोर्टाच्या पहिल्या तारखेला वडापाव घेऊन गेले होते त्याच्यासाठी, आत देऊ देत नाहीत हे माहीतच नव्हतं, मग बाहेर पायरीवर बसून मीच खाल्ला. मग तिने हात पदराला पुसले आणि दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेले तारखांचे कागद काढले, एकेक कागद सरळ करून पाटावर लावत गेली. कुणी तिला सांगितलं नव्हतं लावायला. ४ वर्षांच्या तारखा, पाट पुरला नाही, शेवटचे चार-पाच जमिनीवर. आम्ही तो शॉट कापलाच नाही, ३७ सेकंद नुसता पाट. हॉलमधे तेवढा वेळ कुणी मोबाइल पाहिला नाही.

हे असं ठरवून मिळत नाही, पण त्याला जागा मात्र ठरवून ठेवता येते. प्रश्न कमी विचारा. "तुम्हाला कसं वाटलं" विचारू नका, "त्या दिवशी सकाळी काय झालं" विचारा. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजा आणि मगच पुढचा प्रश्न, खरं वाक्य त्या पाचातच येतं.

परवानगीचा विषय मोठा आहे आणि लोक एक सही घेऊन मोकळे होतात. सहीचा कागद म्हणजे नाव-पत्ता-कबुली एकत्र, तो तुमच्या कपाटात कशाला? वकिलाकडे ठेवा किंवा नाव न घेता तोंडी परवानगी रेकॉर्ड करा आणि ती फाइल वेगळी ठेवा. परवानगी पायऱ्यांनी घ्या: फक्त हॉलमधे दाखवू का, व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल चालेल का, यूट्यूबवर कायमचं राहील चालेल का. तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, आमच्या बाईने पहिल्या दोनला हो आणि तिसऱ्याला नाही म्हटलं. तयार झालेला कट त्यांना त्यांच्याच फोनवर दाखवा, मोठ्या स्क्रीनवर नको, कारण शेजारणीच्या हातात तो तसाच दिसणार आहे. नशेत असलेल्याची परवानगी ही परवानगी नसते, दुसऱ्या दिवशी या. आणि व्यसनमुक्ती केंद्रात, तिथल्या सरांच्या समोर, पेशंट "हो चालेल ना" म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणायची सोय असते का हे स्वतःला विचारा. मेंटल हेल्थकेअर कायदा २०१७ च्या कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही, आणि त्या कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले मानसिक आजारही धरलेत. एचआयव्हीचा उल्लेख आला तर २०१७ चाच एचआयव्ही कायदा लागतो, तिथेही संमतीशिवाय सांगता येत नाही. १८ च्या खालचं मूल असेल तर ओळख पटेल असं काहीच नको, बाल न्याय कायद्याचं कलम ७४, चर्चाच नाही.

चेहरा लपवण्याबद्दल. नंतर ब्लर करू हा विचार सोडून द्या, शूट करतानाच लपवा, म्हणजे कच्च्या फुटेजमधेही चेहरा नसेल. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवा आणि एक्स्पोजर खिडकीवर लॉक करा, सरळ काळी आकृती मिळते. किंवा हात, पाय, सावली. आवाज नुसता जाड-बारीक करून भागत नाही, कुणीही तो परत मूळ पट्टीत आणू शकतो, तेच शब्द दुसऱ्या कुणाकडून म्हणून घ्या आणि स्क्रीनवर तसं लिहा. गोंदण, अंगठी, गाडीचा नंबर, शाळेची बॅग, दाराबाहेरचा मीटर नंबर, सगळं बघा. आमच्या एका कटमधे माणूस पूर्ण काळा, आवाज दुसऱ्याचा, आणि मागे भिंतीवर मंडळाच्या दहीहंडीचा फ्लेक्स, गल्लीच्या नावासकट, अध्यक्षांच्या फोटोसकट. अपलोड व्हायला दहा मिनिटं होती तेव्हा एका पोरीला दिसलं. तेव्हापासून नियम केलाय, फायनल कट त्या एरियातल्या पण टीमबाहेरच्या एका माणसाला दाखवायचा आणि विचारायचं ओळखू येतंय का काही.

कॅमेरा अ‍ॅपमधलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ पाठवला तर लोकेशनची माहिती सहसा गळून पडते पण "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. काम झालं की कार्ड रिकामं करा, गुगल फोटोजचा ऑटो बॅकअप आधीच बंद ठेवा, हे सगळे विसरतात, मीही विसरले होते.

टेक्निकल भागावर जास्त बोलत नाही कारण यूट्यूबवर तेच तर आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलर माइकवर करा, कॅमेऱ्यावर नको, खराब चित्र लोक सहन करतात, खराब आवाज नाही. फोन एरोप्लेन मोडवर, पंखा बंद, कुकर लावलाय का विचारून घ्या. ट्यूबलाइटखाली शूट करत असाल तर २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम) आणि शटर १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, नाहीतर पट्टे फिरतात. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरून उरतं, फोनवर करणार असाल तर काइनमास्टर. सबटायटल मराठीत टाकाच, लोक आवाज बंद ठेवून बघतात, आणि खासदारासाठी हिंदी किंवा इंग्रजीचा वेगळा कट.

सुई, पुडी, चिलीम, धूर दाखवू नका. एक तर ते बघून नुकत्याच सोडलेल्या माणसाला तलफ येते, हे मला एका समुपदेशकाने सांगितलं तेव्हा लाज वाटली कारण आमच्या पहिल्या व्हिडिओत चिलमीचा क्लोजअप होता. दुसरं म्हणजे यूट्यूब, इन्स्टा असले व्हिडिओ एज-रिस्ट्रिक्ट करतात किंवा उडवतात. आणि शब्द. गर्दुल्ला, चरसी, गंजेडी हे निवेदनात नको. पुण्यात मुक्तांगण १९८६ मधे सुरू झालं, तेव्हापासून महाराष्ट्रात व्यसन हा आजार आहे असं सांगणारी माणसं आहेत, मग आपण व्हॉइसओव्हरमधे परत शिवीवर कशाला यायचं. पण आईच म्हणाली "माझा पोरगा गर्दुल्ला नाय हो" तर ते ठेवा, तो तिचा शब्द आहे.

आकडे एक किंवा दोन, त्याहून जास्त टाकले की पिक्चरचा पीपीटी होतो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीने २०२० मधे मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतल्या २०१७ आणि २०१८ च्या १०,६६९ केसेस तपासल्या, त्यातल्या ८७ टक्के गांजाच्या होत्या. आम्ही तो आकडा पाटावरच्या कागदांच्या नंतर ठेवला. आधी ठेवला असता तर कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

एक प्रश्न हमखास येणार, तो व्हिडिओ संपल्या संपल्या कुणीतरी विचारतंच, "मग काय, सगळं मोकळं करायचं?" याचं उत्तर तयार ठेवा आणि शक्यतो व्हिडिओतच २० सेकंदात द्या. पोर्तुगालने २००१ मधे साधारण १० दिवस पुरेल इतकं स्वतःपुरतं बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं, तरी ते कायदेशीर केलेलं नाही, माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो, त्यात आरोग्य आणि समाजसेवेतली माणसं असतात, आणि विकणं आजही गुन्हाच आहे. हा फरक तुम्ही सांगितला नाही तर उरलेली चर्चा "पंजाबसारखं होईल" यावरच संपते. आणि हो, भांग कायदेशीर आहे मग गांजा का नाही हा मुद्दा व्हॉट्सअ‍ॅपवर भारी वाटतो पण मीटिंगमधे काढू नका, भांगेची पानं एनडीपीएसच्या व्याख्येत बसत नाहीत हे खरं, पण राज्याचा दारूबंदी कायदा तिला वेगळा लागतोच, एक्साइजचा माणूस समोरच बसलेला असतो आणि तो तुम्हाला तिथेच चीत करतो.

हॉलमधे कसं शिरायचं? कलेक्टर ऑफिसला पत्र द्या, इनवर्डचा शिक्का घ्या, पण खरं दार सिव्हिल हॉस्पिटलचं आहे. मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांना भेटा, त्यांनाही हेच हवं असतं आणि त्यांना अजेंड्यावर पाच मिनिटं मिळतात. २६ जून हा अंमली पदार्थ विरोधी दिन, त्या आठवड्यात रॅल्या, शपथा, चित्रकला स्पर्धा यात कुणाला वेळ नसतो, म्हणून मे महिन्यातली मीटिंग गाठा. उलट तुम्हाला बातमी हवी असेल तर जूनचा तिसरा आठवडाच बरा, कारण पत्रकार विषयच शोधत असतात, आणि २६ जूनलाच "सपोर्ट, डोन्ट पनिश" नावाची जगभरची मोहीमही असते.

पेन ड्राइव्ह दोन न्या. लिंकवर विसंबू नका. फाइल एमपी४ आणि एच.२६४ मधेच काढा, आयफोनवर शूट केलेली एचईव्हीसी फाइल आम्ही तशीच नेली होती, हॉलच्या पीसीवर आवाज आला आणि चित्र काळं, साहेब म्हणाले छान, रेडिओ आहे. तेव्हापासून स्वतःचा लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल पण पिशवीत. व्हिडिओ संपला की लगेच एका पानाचं निवेदन हातात द्या, ज्यात ते एक वाक्य ठळक. मग गप्प बसा. आणि महिन्याभराने माहिती अधिकारात त्या मीटिंगचं इतिवृत्त मागवा, त्यात तुमचं वाक्य आलंय का बघा, नसेल तर परत पत्र.

पब्लिकसाठी कट सोडणार असाल तर शेवटी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन टाका, कारण लोक मदतीसाठी तुम्हालाच मेसेज करायला लागतात, रात्री दोनला, आणि तुम्ही डॉक्टर नाही.

कोळंबीवाल्या ताईंचा सहा महिन्यांनी फोन आला. धाकट्याचं लग्न ठरतंय, मुलीकडच्यांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरायला नको, पाटावरचे कागद राहू देत पण माझा आवाज काढाल का. प्रोजेक्ट फाइल ठेवलेली होती, सगळे ट्रॅक वेगळे होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत नवीन कट निघाला, आवाजाच्या जागी सबटायटल आणि खाली नुसता साल ओढल्याचा आवाज. जिथे जिथे जुना पाठवला होता त्या प्रत्येकाला फोन करून डिलीट करायला सांगितलं, कुणाला पाठवला याची यादी होती म्हणून जमलं. ती यादी पहिल्या दिवसापासून ठेवा.